पुढचे वाक्यही सांगा : संगणक अभियांत्रिकीचे अध्यापक आणि ज्येष्ठ अभियंते यांना खुले पत्र

प्रति,
संगणक अभियांत्रिकी शिकवणारे अध्यापक आणि सॉफ्टवेअर व्यवसायातील ज्येष्ठ अभियंते यांस,

विषय : तांत्रिक वादांतील अवतरणे आणि उपमा यांच्या प्रामाणिक वापराबद्दल

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचे एक वाक्य आपल्या व्यवसायात जवळजवळ प्रत्येकाला पाठ आहे. अकाली केलेले ऑप्टिमायझेशन, म्हणजे प्रोग्राम वेगवान करण्याची खटपट, हे सर्व अनर्थांचे मूळ आहे, असे ते वाक्य. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याचा कोड तपासताना, किंवा इंटरनेटवरच्या वादात कोणी वेगाचा मुद्दा काढला की ते पुढे केले जाते, आणि इतक्या मोठ्या माणसाने सांगून ठेवले आहे म्हटल्यावर मुद्दा काढणारा बहुधा गप्प बसतो. या गप्प बसण्यामुळेच मी हे पत्र लिहीत आहे. साहित्याच्या किंवा राजकारणाच्या वादात अवतरण अर्धवट दिले तर एखाद्याची प्रतिमा बिघडते; आपल्या क्षेत्रात अर्धवट अवतरणांवरून डेटाबेसचे आराखडे आणि प्रकल्पांची वेळापत्रके ठरतात, आणि त्यातली चूक वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रणालींत मुरते. नव्या अभियंत्यांपर्यंत ही अवतरणे आणि त्यांच्या जोडीने येणाऱ्या उपमा प्रथम आपल्याकडून पोहोचतात, म्हणून हे पत्र आपल्याला उद्देशून आहे. त्यातील अवतरणांचे मराठी भाषांतर माझे आहे.

कनूथ यांचे वाक्य डिसेंबर १९७४ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या 'कम्प्युटिंग सर्व्हेज' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, गो-टू विधानांविषयीच्या (प्रोग्रामला थेट दुसऱ्या ठिकाणी उडी मारायला सांगणाऱ्या विधानांविषयीच्या) दीर्घ लेखात आहे. ते ज्या ठिकाणी येते तेथे कनूथ एका यादीत शोध घेणाऱ्या छोट्या लूपविषयी, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या सूचनांविषयी, बोलत आहेत. लूप थोडे उलगडून लिहिले की ते सुमारे १२ टक्के वेगवान होते, आणि ही सुधारणा क्षुल्लक मानणाऱ्यांशी कनूथ स्पष्टपणे असहमत आहेत. प्रस्थापित अभियांत्रिकी शाखांमध्ये सहज मिळणारी १२ टक्के सुधारणा कधीच किरकोळ मानली जात नाही आणि सॉफ्टवेअरमध्येही हीच दृष्टी असावी, असे ते लिहितात. त्यानंतर ते दुसऱ्या बाजूच्या अतिरेकाकडे वळतात : प्रोग्रामचे जे भाग कळीचे नाहीत त्यांच्या वेगाची चिंता करण्यात लोक प्रचंड वेळ दवडतात आणि त्यामुळे दोष शोधणे व देखभाल अवघड होते. मग ते वाक्य येते, आणि ते असे आहे : 'छोट्या छोट्या काटकसरींचा विचार, समजा ९७ टक्के वेळा, आपण सोडून द्यावा : अकाली ऑप्टिमायझेशन हे सर्व अनर्थांचे मूळ आहे. तरीही त्या कळीच्या ३ टक्क्यांतील संधी आपण दवडता कामा नये.' याच्या पुढे ते म्हणतात की चांगला प्रोग्रामर या विचाराने निर्धास्त होणार नाही; तो कळीचा कोड काळजीपूर्वक तपासेल, मात्र तो कोड कोणता हे निश्चित झाल्यावरच.

म्हणजे मूळ परिच्छेद आधी मोजायला सांगतो. मोजल्याशिवाय ते ३ टक्के कोणते हे कळण्याचा मार्ग नाही. प्रत्यक्षात मात्र हे वाक्य नेमके मोजमाप टाळण्यासाठी वापरले जाते. एखादे पान यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला स्वतंत्र प्रश्न विचारत असेल, म्हणजे यादीसाठी एक धरून २०० ओळींसाठी २०१ क्वेऱ्या (प्रश्न) जात असतील, आणि कोणी ते दाखवून दिले तर त्याला कनूथ ऐकवले जातात. कनूथ ज्या छोट्या काटकसरींबद्दल बोलत होते त्यांत हे बसत नाही. ही रचनेतली उणीव आहे, आणि डेटाची मांडणी व सेवांमधील करार एकदा पक्के झाले की अशा उणिवा नंतर सहज काढता येत नाहीत. वाक्याच्या आधीचे ९७ टक्के आणि नंतरचे ३ टक्के गाळले की उरते ते कनूथ यांचे मत नव्हे. ते ज्या मताचा प्रतिवाद करत होते, त्याच्याच ते अधिक जवळ जाते.

याच लेखात दुसऱ्या एका प्रसिद्ध अवतरणाची कहाणी दडलेली आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइकस्ट्रा यांचे गो-टू घातक असल्याचे सांगणारे पत्र मार्च १९६८ मध्ये एसीएमच्या 'कम्युनिकेशन्स' या मासिकात आले. डाइकस्ट्रा यांनी ते 'गो-टू विधानाविरुद्धचा युक्तिवाद' अशा अर्थाच्या साध्या शीर्षकाचा लेख म्हणून पाठवले होते; लवकर छापता यावे म्हणून संपादक निकलाउस विर्थ यांनी त्याचे संपादकांस पत्र केले आणि शीर्षक बदलले. ते शीर्षक इतके गाजले की त्याच्या साच्यातून आजही अमुक घातक, तमुक घातक अशी शीर्षके निघत असतात, आणि मजकूर न वाचलेली माणसे त्या शीर्षकावरून डाइकस्ट्रा यांना हटवादी ठरवतात. मजकुरातला युक्तिवाद असा होता की चालू असलेली प्रक्रिया कोठवर आली आहे हे कोडच्या मजकुराकडे बघून सांगता आले पाहिजे, आणि मुक्तपणे वापरलेले गो-टू ही शक्यता हिरावून घेते. कनूथ यांनी १९७४च्या लेखात डाइकस्ट्रा यांच्या खाजगी पत्रातला एक भाग त्यांच्या नावाने दिला आहे. त्यात डाइकस्ट्रा विनवतात की मी या बाबतीत भयंकर हटवादी आहे अशा समजुतीच्या सापळ्यात पडू नका. ते पुढे म्हणतात, इतर लोक याचा धर्म बनवत आहेत अशी मला अस्वस्थ करणारी शंका येते, जणू प्रोग्रामिंगचे वैचारिक प्रश्न एकाच युक्तीने सुटणार आहेत. विरोधी बाजूचा विचार आपल्या लेखात इतक्या न्यायाने मांडणारे कनूथ त्याच लेखातल्या एका वाक्यासाठी इतक्या अन्यायाने उद्धृत केले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अध्यापकांशी मला विशेषतः बोलायचे आहे ते अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ विन्स्टन रॉइस यांच्याविषयी. आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांत सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या विषयात वॉटरफॉल मॉडेलची आकृती काढायला न शिकलेला विद्यार्थी क्वचितच सापडेल. आवश्यकता, विश्लेषण, रचना, कोडिंग, चाचणी, कार्यान्वयन अशा पायऱ्या, एकीतून दुसरीत उतरणारे बाण, आणि खाली फायदे-तोटे. या आकृतीचा उगम म्हणून ऑगस्ट १९७०च्या वेसकॉन या अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक्स परिषदेतला रॉइस यांचा निबंध दाखवला जातो. त्या निबंधात वॉटरफॉल हा शब्द नाही. आकृती आहे, आणि तिच्याबद्दल रॉइस यांनी लिहिलेले वाक्य असे आहे : 'या संकल्पनेवर माझा विश्वास आहे, परंतु वर वर्णन केलेली अंमलबजावणी जोखमीची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे.' कारणही ते लगेच सांगतात. वेळ, साठवण, माहितीची ये-जा यांचा केवळ कागदावर अभ्यास झालेला असतो; त्यांचा प्रत्यक्ष अनुभव प्रथम येतो तो अगदी शेवटच्या चाचणीच्या टप्प्यात, आणि तेथे काही जुळले नाही तर मूळ रचनेपर्यंत मागे जावे लागते. म्हणून ते उपाय सुचवतात. त्यांतला एक असा की प्रणाली प्रथमच बनवली जात असेल तर ग्राहकाच्या हाती पडणारी आवृत्ती खरे तर दुसरी असावी. दुसरा असा की ग्राहकाला आरंभापासून औपचारिकपणे सामील करून घ्यावे.

हे कळल्यावर वादाचे पारडे उलट बाजूला झुकते, आणि तेथेही अन्यायच होतो. रॉइस यांनी ज्या पद्धतीचा धिक्कार केला तीच त्यांच्या नावावर खपवली गेली, ते खरे तर आजच्या अजाइल विचाराचे (छोट्या फेऱ्यांत, कमी कागदपत्रांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचे) पूर्वसूरी होते, असे हिरिरीने सांगणारे लोक अवतरणाचा दुसरा अर्धा भाग उचलतात आणि पहिला सोडून देतात. 'या संकल्पनेवर माझा विश्वास आहे' हेही रॉइस यांनीच लिहिले आहे. त्याच निबंधात ते म्हणतात की ५० लाख डॉलरचे हार्डवेअर खरेदी करायला ३० पानांचे विवरण पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरसाठी १,५०० पानांचे विवरण साधारण योग्य ठरेल. दस्तऐवजांवर एवढा भर देणाऱ्या माणसाला कागदपत्रे कमी करू पाहणाऱ्या चळवळीचा जनक ठरवणे हेही अर्धवट अवतरणच आहे. रॉइस यांनी टप्प्यांची संकल्पना ठेवली, ती एकाच खेपेत खालपर्यंत नेण्याचा भाबडेपणा नाकारला आणि जोखीम कमी करण्यासाठी जादा काम सुचवले. त्यांची ही भूमिका दोन्ही छावण्यांना गैरसोयीची आहे, आणि विद्यार्थ्याला ती तशीच सांगितली पाहिजे. निबंध दहाएक पानांचा आहे. तो वर्गात वाचून दाखवायला एक तास पुरतो.

अवतरणाचा आणखी एक गैरवापर वादाच्या पद्धतीतच रुजला आहे. समोरच्याचे लिखाण एकेका वाक्यात तोडायचे आणि प्रत्येक तुकड्याखाली स्वतंत्र उत्तर लिहायचे. प्रत्येक शब्द मूळचाच असल्यामुळे हे अतिशय प्रामाणिक दिसते, पण युक्तिवाद वाक्यांच्या जोडणीत असतो, आणि ती जोडणी तोडली की 'जर', 'म्हणून', 'तरीही' हे शब्द लटकत राहतात. जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यात मायक्रोकर्नल आणि एकसंध कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या दोन रचना) यांवरून झालेला वाद याच पद्धतीने लढला गेला. १९९१ मध्ये एकसंध कर्नलची रचना करणे ही मूलभूत चूक आहे, तुम्ही माझे विद्यार्थी नाही याबद्दल आभार माना, अशा रचनेला मी चांगले गुण दिले नसते, हे टॅननबॉम यांचे बोल आजही प्राध्यापकी अहंकाराचा पुरावा म्हणून दिले जातात. मूळ मजकुरात त्यांच्या शेवटी हसऱ्या चेहऱ्याची खूण होती. तीन चिन्हांची ती खूण उद्धृत करणारे बहुधा गाळतात, आणि चिमटा होता तेथे तुच्छता उरते. टोरवाल्ड्स यांनी आपल्या पहिल्या उत्तराच्या सुराबद्दल लगेच जाहीर माफी मागितली होती, हेही त्या वादाचे दाखले देणारे फारसे सांगत नाहीत.

वादाचे हे दोष आपल्या परंपरेने फार पूर्वी ओळखून ठेवले आहेत. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत, चर्चेचे तीन प्रकार येतात : तत्त्वनिर्णयासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडणारी वितंडा. तेथेच छलाचेही, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा अर्थ फिरवून केलेल्या प्रतिवादाचेही, तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतले दोन आपल्या विषयाला थेट लागू पडतात. मर्यादित अर्थाने केलेले विधान सरसकट करून टाकणे हा सामान्यछल; कनूथ यांच्या वाक्याचे तेच झाले. लाक्षणिक अर्थाने बोललेले शब्दशः धरून त्यावर हल्ला करणे किंवा निष्कर्ष काढणे हा उपचारछल. मचाणे ओरडत आहेत असे कोणी म्हटले, तर मचाणांवरची माणसे ओरडत आहेत हे समजून न घेता मचाण कसे ओरडेल असे विचारणे, हे त्याचे जुने उदाहरण आहे. सॉफ्टवेअरला डोळ्यांना दिसणारे रूप नसल्याने आपले बरेचसे बोलणे लाक्षणिकच असते, आणि म्हणून या दुसऱ्या छलाला आपण सर्वाधिक बळी पडतो.

अमेरिकन प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांची तांत्रिक कर्जाची उपमा घ्या. १९९२च्या उप्सला (OOPSLA) या प्रोग्रामिंगविषयक परिषदेतील अनुभव-कथनात त्यांनी ती मांडली. ते विकसित करत असलेली वायकॅश ही प्रणाली गुंतवणुकींच्या व्यवस्थापनाची होती, त्यामुळे अर्थव्यवहारातली उपमा तेथे आपोआप समजण्यासारखी होती. पहिल्या खेपेचा कोड ग्राहकाला देणे हे कर्ज काढण्यासारखे आहे, थोडे कर्ज विकासाला गती देते, मात्र ते पुनर्लेखनाने लवकर फेडले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पुढे वापरात या उपमेचा अर्थ गबाळे लिहिलेला कोड असा झाला, तेव्हा २००९ मध्ये कनिंगहॅम यांना स्पष्ट करावे लागले की वाईट कोड लिहिण्याच्या बाजूने मी कधीच नव्हतो. प्रश्नाची आज जेवढी समज आहे तेवढी, अपुरी असली तरी, कोडमध्ये नीट उतरवावी आणि समज वाढेल तसा कोड बदलावा, एवढेच त्यांना म्हणायचे होते.

ही उपमा मला मोलाची वाटते, आणि म्हणूनच ती कोठे थांबते हे सांगणे आवश्यक वाटते. बँकेच्या कर्जाला मुद्दल, दर, मुदत आणि सही असते. कोडच्या बाबतीत यांतले काहीही लिहिलेले नसते. बँकेचे व्याज आपण काही केले नाही तरी चढते. ज्या कोडला कोणी हात लावत नाही आणि जो आपले काम करतो आहे, त्यावर जवळजवळ काहीच चढत नाही, तर रोज बदलणाऱ्या मॉड्यूलमधला (प्रोग्रामच्या भागातला) लहानसा गोंधळही फार महाग पडतो. कर्ज घेणारी टीम आणि फेडणारी टीम अनेकदा वेगळी असते. मला सर्वांत गंभीर वाटतो तो फरक ऐकणाऱ्याचा आहे. अर्थव्यवहार जाणणाऱ्या व्यवस्थापकाच्या कानांना कर्ज हे वाढीचे नेहमीचे, बऱ्याचदा शहाणपणाचे साधन असते, आणि अभियंता तोच शब्द संकटाचा इशारा म्हणून उच्चारत असतो. बैठकीत दोघेही माना डोलावतात आणि दोन वेगवेगळे निर्णय मनात घेऊन उठतात. त्याऐवजी कोणत्या मॉड्यूलमध्ये बदल करायला किती दिवस लागतात आणि ते का वाढत आहेत हे साध्या शब्दांत सांगितले, तर उपमेची गरजही पडत नाही.

कधी कधी उपमेसाठी घेतलेले उदाहरणच चुकीचे समजलेले असते. वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी सुमारे ६८ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटून कोसळला. वाऱ्याच्या आघातांची वारंवारता पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली आणि अनुनादाने तो पडला, असे स्पष्टीकरण अनेक पाठ्यपुस्तकांनी दिले. युसूफ बिलाह आणि रॉबर्ट स्कॅनलन यांनी १९९१ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये दाखवून दिले की हे जुळत नाही : पूल सेकंदाला सुमारे ०.२ आवर्तनांनी पिळत होता, तर त्या वाऱ्यात पुलामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची वारंवारता सुमारे १ आवर्तनाची निघते. पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत होती आणि हालचाल वाढली की ओढही वाढत होती. हे स्वयंप्रेरित कंपन होते.

सर्व्हर मंदावल्यावर क्लायंट (त्याच्याकडे माहिती मागणारे प्रोग्राम) पुन्हा पुन्हा विनंत्या पाठवतात आणि सर्व्हर पूर्ण कोसळतो, त्या घटनेला टॅकोमाची उपमा देणारे बहुधा अनुनादच डोळ्यांसमोर ठेवतात, आणि मग उपायही तसाच सुचतो : पुनर्प्रयत्नांच्या वेळा थोड्या विस्कळीत करा म्हणजे ताल जुळणार नाही. सगळे क्लायंट एकाच क्षणी धडकत असतील तेव्हा याचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. परंतु मूळ आजार तालाचा नसतो. मंदावण्यामुळे पुनर्प्रयत्न, त्यामुळे जादा भार, त्यामुळे आणखी मंदावणे, असे ते चक्र असते, आणि प्रणाली स्वतःच्याच प्रतिसादातून स्वतःवर भार ओढत असते. खरे टॅकोमा समजून घेतले तर उपमा अधिक नेमकी बसते आणि उपायही बदलतो : पुनर्प्रयत्नांची एकूण संख्या बांधून टाकणे, प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ वाढवत नेणे, आणि झेपणार नाहीत त्या विनंत्या दारातच नाकारणे. उपमा देणाऱ्याने ज्या क्षेत्रातून ती घेतली त्या क्षेत्राचे थोडे वाचावे, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आता विनंती. अध्यापकांनी येत्या सत्रात वॉटरफॉलची आकृती शिकवताना तिच्याखालचे रॉइस यांचे वाक्य, दोन्ही अर्धांसह, फळ्यावर लिहावे. परीक्षेतही आकृती काढा असा प्रश्न विचारण्याऐवजी, रॉइस यांनी या आकृतीतले काय ठेवले आणि काय जोखमीचे मानले, हे विचारावे. अवतरणाला वर्ष आणि प्रसंग जोडण्याची सवय विद्यार्थ्याला याच वयात लागते. कनूथ ज्या १९७४ मध्ये लिहीत होते त्या वर्षीच्या यंत्रांचा आणि भाषांचा संदर्भ दिला तर ते वाक्य लहान होत नाही, ते समजते.

ज्येष्ठ अभियंत्यांकडे मी दोन गोष्टी मागतो. आपल्या टीममध्ये कोणी कनिष्ठ सहकाऱ्यापुढे मोठ्या नावाचे वाक्य ठेवले, तर त्याचे पुढचे वाक्य काय आहे असे तेथल्या तेथे विचारा, आणि ते कोणालाच माहीत नसेल तर त्या वाक्याला त्या निर्णयापुरते पुरावा मानू नका. समोर असलेल्या प्रणालीचे मोजमाप मागवा. आणि डिझाइन डॉक्युमेंटमध्ये नाकारलेल्या पर्यायाची बाजू त्या पर्यायाच्या समर्थकाकडूनच लिहून घ्या, किंवा निदान त्याला दाखवून, हो, मला असेच म्हणायचे आहे, अशी त्याची संमती घ्या. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आधी पूर्ण मांडण्याची आपली जुनी शिस्त हीच होती, आणि तिला एखादी बैठक जास्त लागली तरी ती लागू द्यावी.

आपला नम्र,
पुण्यातील एक सॉफ्टवेअर अभियंता